मापुदुङुनच्या मुलखात

मंगळवार, तेमुको

रात्रभर बसमध्ये काढून सकाळी तेमुकोला उतरले तेव्हा शहरावर दाट पांढरा पडदा होता. धुकं असेल म्हटलं, पण तो होता ओल्या लाकडांचा धूर. जून म्हणजे इथे ऐन थंडी. दक्षिण चिलेत अजूनही घरोघरी लाकडं जाळूनच ऊब आणतात. हवा फारच बिघडली की सरकार जाळायला बंदी घालतं. लोक कुरकुरतात आणि जाळतात.

सान्तियागोच्या दक्षिणेला पावणेसातशे किलोमीटरवरचं हे गाव आराउकानिया प्रांताची राजधानी. १८८१ साली इथे लष्करी ठाणं पडलं, त्याआधी हा मुलूख मापुचे या आदिवासी लोकांचा होता. स्पेनला बीओबीओ नदीच्या खाली अडीचशे वर्षं नीट पाय रोवता आला नाही. ते काम स्पेन गेल्यावर चिले प्रजासत्ताकाने १८६१ ते १८८३ या काळात पुरं केलं आणि त्या मोहिमेला नाव दिलं ‘शांतता प्रस्थापन’. त्यानंतर मापुचेंना तुकड्या तुकड्यांनी मिळून जेमतेम पाच लाख हेक्टर जमीन उरली. बाकीच्या जमिनीवर युरोपातून वसाहतकरी आणून बसवले.

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, त्यामुळे इथे येताना बोलायची अडचण नव्हती. खरं तर हीच गोष्ट मनाला खात होती. जी भाषा घेऊन मी हिंडणार होते, तिनेच मापुदुङुनला, मापुचेंच्या भाषेला, कोपऱ्यात ढकललं आहे. सोबत युनेस्कोने २००३ मध्ये काढलेले भाषेची प्रकृती तपासायचे नऊ निकष वहीत उतरवून घेतले होते. पहिला निकष: आईबापांकडून मुलांकडे भाषा जाते का? बाकीचे आठ म्हणजे बोलणाऱ्यांची संख्या, समाजातलं त्यांचं प्रमाण, वापराची क्षेत्रं, नवी माध्यमं, शिक्षणाचं साहित्य, सरकारचा दृष्टिकोन, समाजाचा दृष्टिकोन आणि दस्तऐवज.

दुपारी फेरिया पिन्तो नावाच्या मंडईत गेले. पेवेन (आराउकारिया) झाडाचे बी म्हणजे पिञोनेस पोत्यांतून रचलेले, समुद्री शेवाळाच्या चामड्यासारख्या वळकट्या दोरीने बांधलेल्या, आणि सगळीकडे मेरकेन. एका बाईने पिशवीचं तोंड उघडून नाकाशी धरलं. धुरावर वाळवलेली लाल मिरची, मीठ आणि भाजलेले धने! चिलेतल्या मंडईत उभी राहून मी आमच्या घरच्या मसाल्याचा वास घेत होते. ती बाई शेजारच्या भाजीवालीशी अखंड मापुदुङुनमध्ये बोलत होती, मध्येच दोघी खळखळून हसत. गिऱ्हाईक पुढ्यात आलं की स्पॅनिश सुरू. भाव स्पॅनिशमध्ये, सुटे पैसे स्पॅनिशमध्ये.

मेरकेन घेता घेता विचारलं, घरी कोणाशी बोलता ही भाषा?

“आईशी बोलते ना. आणि हिच्याशी.”

“आणि मुलांशी?”

तिने खांदे उडवले. “त्यांना समजतं सगळं.”

हे ‘समजतं सगळं’ पुढे ठिकठिकाणी ऐकू येणार होतं.

बुधवार, गाल्वारिनो

गाल्वारिनोच्या वाटेवर दोन्ही बाजूंना पाइन आणि निलगिरीच्या बागा. बागा कसल्या, एका मापाची, एका वयाची, ओळीत उभी केलेली झाडं. १९७४ पासून सरकारी अनुदानावर ही लागवड फोफावली आणि जुनं जंगल मागे हटत गेलं. समोरून ओंडक्यांनी भरलेले ट्रक येत होते. शेजारी बसलेल्या काकांनी सांगितलं, उन्हाळ्यात इथल्या वाड्यांना टँकरने पाणी येतं. जंगलाबरोबर औषधी झाडं गेली, झाडांबरोबर त्यांची नावं. भाषेविषयी विचारायला आलेल्या बाईला हे पाणी-झाडांचं कशाला सांगतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही, इतकं ते त्यांना एकच वाटत होतं.

गाल्वारिनो हे एका लढवय्याचं नाव. स्पॅनिशांनी १५५७ साली त्याचे दोन्ही हात तोडून त्याला सोडून दिलं, तरी तो पुन्हा लढायला आला. त्याच्या नावाच्या या लहानशा गावाने २०१३ मध्ये मापुदुङुनला स्पॅनिशच्या जोडीने अधिकृत भाषा केलं. चिलेत असं करणारी ही पहिली नगरपालिका. पाट्या दोन भाषांत आहेत. टपरीवर कॉफी घेताना मालकाला विचारलं, कोणी येऊन मापुदुङुनमध्ये अर्ज देतं का? तो म्हणाला, लिहिता कोणाला येतं? म्हातारी माणसं तोंडी बोलतात आणि काउंटरवर कोणी आपल्यातलं बसलेलं असेल तर काम होतं. नसेल तर पाटी वाचत बसायचं. मुंबईतल्या पाट्यांचे वाद आठवून मला हसू आलं.

जवळच्या एका शाळेत जायची परवानगी मिळाली होती. ज्या शाळांत आदिवासी मुलांचं प्रमाण पुरेसं आहे, तिथे २०१० पासून भाषेचा तास असतो. तो घ्यायला समाजातली जाणती व्यक्ती नेमतात. इथे होत्या साठीच्या एक बाई. पदवी नाही, पण मुलं त्यांना ‘पापाय’ म्हणत होती, वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं. सुरुवात रंगांनी आणि आकड्यांनी झाली: किञे, एपु, कुला, मेली. मुलं ओरडत होती, पाढे म्हणावेत तशी, डोकं दुसरीकडेच. मग पापायने ङुरुची म्हणजे कोल्ह्याची गोष्ट काढली आणि वर्ग एकदम शांत झाला. इथल्या लोककथांत कोल्हा स्वतःला फार शहाणा समजतो आणि दर वेळी कोणीतरी त्याची फजिती करतं.

गोष्ट मला कळत नव्हती, पण क्रियापदांत एक ‘र्के’ सारखा वाजत होता. तासानंतर विचारलं. ‘आकुय’ म्हणजे आला, सांगणाऱ्याने पाहिलंय. ‘आकुर्केय’ म्हणजे आला म्हणे. आपण वेगळा शब्द जोडतो, ती माणसं क्रियापदाच्या पोटातच घालतात. गोष्ट सगळी ‘म्हणे’त चालते. संस्कृतात शाळेत घोकलेलं द्विवचनही इथे जिवंत आहे, दोघांसाठी वेगळं रूप. उच्चाराला मात्र मला फारसे कष्ट पडले नाहीत. आपल्या वर्णमालेत ङ आणि ञ हे दोघे जवळजवळ बिनकामाचे बसून असतात, इथे त्यांना उसंत नाही.

लिहायचं कसं यावर एकमत नाही. तीन लिप्या, म्हणजे रोमन अक्षरं वापरायच्या तीन पद्धती चालतात. विद्यापीठातल्या भाषाशास्त्रज्ञांची एक, आन्सेल्मो रागिलेओ या मापुचे अभ्यासकाची एक आणि सरकारी खात्याने उचलून धरलेली तिसरी. एकीत ङ लिहायला ‘एनजी’, दुसरीत नुसता ‘जी’. त्यामुळे एकाच कोल्ह्याची तीन स्पेलिंगं. रागिलेओच्या पद्धतीचे लोक म्हणतात, आमची अक्षरं स्पॅनिशसारखी दिसतच नाहीत आणि तेच हवंय. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज या भाषेत आणलं तेव्हा मापुचे नेत्यांनी आनंद मानण्याऐवजी तक्रार केली. आमची भाषा, आम्हाला विचारलंत का? बाहेरच्यांना हे चमत्कारिक वाटलं. मला नाही वाटत. ज्यांच्याकडून जमीन घेतली, त्यांनी भाषेला कुंपण घालावं यात नवल काय?

मधल्या सुट्टीत मुलं फुटबॉल खेळत होती. आरडाओरडा स्पॅनिशमध्ये, शिव्या स्पॅनिशमध्ये. पापाय दारात उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, “मी यांना शब्द देते. बोलणं घरून यायला हवं.”

गुरुवार, तेमुको

आदिवासी जनांच्या राष्ट्रीय दिवसाची सुट्टी. २०२१ पासून ती सगळ्या देशाला मिळते. दिवसभर मुसळधार पाऊस. लॉजच्या खोलीत शेगडीपाशी बसून वहीतल्या निकषांवर खुणा केल्या.

दस्तऐवज: भरपूर. लुईस दे वाल्दिविया या जेझुइट पाद्र्याने केलेलं मापुदुङुनचं व्याकरण १६०६ साली लिमात छापलं गेलं. त्याच्याच संघाचे फादर स्टीफन्स तेव्हा गोव्यात साष्टीला होते आणि त्यांचं ख्रिस्तपुराण दहा वर्षांनी निघायचं होतं. एकाच काळी, पृथ्वीच्या दोन टोकांना, दोन पाद्री धर्मासाठी लोकांची बोली शिकत होते. पुढे व्याकरणांची आणि कोशांची इथे कधी वाण पडली नाही.

प्रतिष्ठा: वाढलेली. कवी एलिकुरा चिउआयलाफ यांना २०२० मध्ये साहित्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ४ जुलै २०२१ रोजी भाषाशास्त्रज्ञ एलिसा लोंकोन संविधान सभेच्या अध्यक्ष झाल्या आणि पहिलं अभिवादन त्यांनी मापुदुङुनमध्ये केलं. टीव्हीसमोर त्या दिवशी अनेक म्हातारी माणसं रडली असं लॉजच्या मालकीणबाई सांगत होत्या. पुढच्या वर्षी सप्टेंबरात सभेने केलेला संविधानाचा मसुदा जनमतात पडला, आराउकानियात तर सणसणीत पडला. मालकीणबाईंनी स्वतः विरोधात मत दिलं होतं. “भाषा वेगळी, राजकारण वेगळं,” असं म्हणून त्यांनी विषय बंद केला. मला ते तितकं वेगळं दिसत नाही, पण पाहुणी होते.

संख्या: २०१७ च्या जनगणनेत १७ लाखांवर लोकांनी स्वतःला मापुचे म्हटलं. त्यातले सहा लाखांवर सान्तियागोच्या परिसरात. स्वतःला मापुचे म्हणणं आणि मापुदुङुन बोलणं यांत मोठं अंतर आहे. आणखी दक्षिणेला ओसोर्नोकडची विल्यिचे बोली तर मोजक्या वृद्धांपुरतीच उरली आहे.

आठ रकान्यांत काही ना काही लिहिता आलं. पहिला कोराच ठेवला.

शुक्रवार, बुदी तळं

तेमुकोहून पश्चिमेला नुएवा इम्पेरियाल, तिथून काराउए, मग इम्पेरियाल नदीच्या कडेने समुद्रापर्यंत. नुएवा इम्पेरियालच्या इस्पितळात मापुचे उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. बसमधल्या दोन बाया तिथेच उतरल्या.

पुएर्तो सावेद्राचा किनारा काळ्या वाळूचा आणि रोखठोक. २२ मे १९६० च्या ९.५ तीव्रतेच्या भूकंपानंतर आलेल्या लाटांनी हे गाव धुऊन नेलं. आजवर यंत्रांनी नोंदलेला हा सगळ्यात मोठा भूकंप. तिथून पुढे बुदी तळं. समुद्राजवळचं असल्याने पाणी मचूळ, त्यावर काळ्या मानेचे हंस. काठच्या वाड्यांवर लाफ्केन्चे, म्हणजे समुद्राकडचे मापुचे राहतात. इथे भाषा इतर ठिकाणांपेक्षा जास्त टिकली आहे असं तेमुकोत सगळ्यांनी सांगितलं होतं. पास्कुआल कोञा याच भागातले. त्यांनी १९२० च्या दशकात आपलं आयुष्य एका कापुचिन पाद्र्याला मापुदुङुनमध्ये सांगितलं, पाद्र्याने ते शब्दशः उतरवून घेतलं आणि १९३० मध्ये दोन्ही भाषांत ते प्रसिद्ध झालं.

ज्या घरी उतरले तिथल्या आजी १९६० मध्ये लहान होत्या. त्यांना आठवतं ते टेकडीवर धावणं. मापुचेंच्या कथेत पाणी वाढवणारा नाग कायकाय आणि डोंगर उंच करणारा नाग त्रेङत्रेङ यांची झुंज लागते आणि माणसं डोंगरावर चढून वाचतात. आजी म्हणाल्या, जमीन हलायला लागली तेव्हा कोणी काही समजावलं नाही. आजोबांनी फक्त “त्रेङत्रेङवर चला” एवढंच ओरडून सांगितलं. ती टेकडी कुठली हे सगळ्यांना माहीत होतं.

शनिवार, तिथेच

सकाळपासून स्वयंपाकघरात. उद्याच्या रात्रीसाठी मुल्त्रुन करायचे होते. गहू आधी शिजवून ठेवले होते. आजी जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. पुढ्यात उतरता दगड, हातात वरवंटा. गव्हाचा चिकट गोळा दगडाच्या टोकाला जमा झाला की तळहातांत वळून त्याला टोकदार आकार द्यायचा. मीठ नाही, काही नाही. गरम असतानाच मधाबरोबर खायचा. मी केलेले दोन मुल्त्रुन आजींनी काही न बोलता पुन्हा वळले.

घरात आजी, त्यांचा पन्नाशीचा मुलगा, सून आणि तेमुकोच्या विद्यापीठातून सुट्टीला आलेली नात. चुलीभोवती जे चाललं होतं ते नीट पाहायला मला वेळ लागला. नात आजीशी मापुदुङुनमध्ये बोलत होती, अडखळत, मध्येच थांबून शब्द शोधत. आजी उत्तर देत, कधी तिचं वाक्य दुरुस्त करत, कधी पदर तोंडाला लावावा तसा हात लावून हसत. मुलगा लाकडं फोडून आणत होता. त्याला सगळं कळत होतं हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, पण तोंडातून निघे ते स्पॅनिशच.

नातीने ही भाषा घरी उचललीच नाही. दोन वर्षांपूर्वी ती एका निवासी शिबिराला गेली, जिथे स्पॅनिश बोलायला पूर्ण बंदी असते. तरुण मुलं चालवतात, शिकवणारेही बरेचसे मोठेपणी शिकलेले. “पहिले तीन दिवस मी जवळजवळ मुकी होते,” ती म्हणाली. “मीठ मागता येईना.” परत आल्यावर तिने आजीला फोन केला आणि मापुदुङुनमध्ये खुशाली विचारली. आजींना वाटलं, दुसरीच कोणी बोलतेय.

मी आजींना विचारलं, मुलाला का नाही शिकवलीत? त्यांनी वरवंटा थांबवला नाही. शाळेत बाईंनी त्यांना मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावलं होतं, घरची भाषा तोंडातून गेली म्हणून. “मग मी ठरवलं, माझ्या पोराच्या जिभेला अशी गाठ नको.” मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, “आणि मला तेमुकोत तरी ‘इंडियन’च म्हणायचे.”

संध्याकाळी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आले. आजी उठून उभ्या राहिल्या आणि पेन्तुकुन सुरू झालं. ही नुसती विचारपूस नव्हे. एकजण बोलतो, दुसरा मध्ये न तोडता ऐकतो: तुझी प्रकृती, तुझी माणसं, तुझ्या वाडीतली माणसं, कोणी आजारी आहे का, गुरं कशी आहेत. मग दुसऱ्याची पाळी. आवाज एका विशिष्ट लयीत चढतो-उतरतो, आपल्याकडे ओवी म्हणताना चढतो तसा. पाच-सात मिनिटं हे चाललं, चहा तसाच राहिला. नातीने मोबाइल काढून ध्वनिमुद्रण केलं. नंतर मला म्हणाली, “हे शिबिरात शिकवतात, पण आम्ही पाठ केल्यासारखं म्हणतो. यांना काही आठवावं लागत नाही.” आजींचं मत विचारलं तर त्या म्हणाल्या, पोरं पुस्तकासारखी बोलतात, नवेनवे शब्द बनवतात, ऐकून करमणूक होते. “पण बोलतात.”

मला वाटतं तपासणीचे निकष इथेच अपुरे पडतात. आईकडून मुलाकडे हा एकच रस्ता त्यांत धरलेला आहे. या घरात तो रस्ता मधल्या पिढीपाशी तुटला आहे यात शंका नाही. पण नात बाहेरून वळसा घालून आजीपाशी पोचली आहे, आणि आजीही गेल्या कित्येक वर्षांत घरात इतकं बोलल्या नव्हत्या असं सुनेने सांगितलं. असा वळसा किती जण घालतील? शिबिराला जायला वेळ लागतो, पैसे लागतात आणि बोलणारी आजी हयात असावी लागते.

रविवार रात्र ते सोमवार पहाट

विञोल त्रिपान्तु, सूर्याच्या परतण्याचा, मापुचेंच्या नव्या वर्षाचा सण. गुरुवारची सरकारी सुट्टी खगोलाप्रमाणे, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीच्या हिशोबाने, आधीच झाली. इथल्या घरांतून मात्र २३ जूनची रात्र जागवतात, संत योहानाच्या सणाला लागून. वाडीतल्या रुकामध्ये, म्हणजे गवताने शाकारलेल्या मोठ्या घरात, मधोमध आगटी पेटवलेली. धूर वरच्या भोकातून जायचा तितका जात होता, बाकीचा आमच्या डोळ्यांत. मुल्त्रुन, तळलेल्या पुऱ्यांसारख्या भाकऱ्या, कोकराचं मांस आणि मुदाय. मुदाय हे गव्हाचं आंबवलेलं पेय, थोडं आंबट, थोडं गोडसर. मला आवडलं.

गोष्टी झाल्या, कोडी झाली. कोड्यांत म्हातारी माणसं जिंकत राहिली आणि तरुणांनी स्पॅनिशमध्ये कोडी घालून उट्टं काढलं. पहाटेपूर्वी ओढ्यावर. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. पाणी इतकं गार की पहिल्या ओंजळीला श्वासच अडकला. उजाडता उजाडता पूर्वेकडे तोंड करून आजींनी प्रार्थना केली. मग सगळ्यांनी ओरडून नवं वर्ष आल्याची वर्दी दिली. नातीचा बाप माझ्या पुढेच उभा होता. तोही ओरडला, आणि ते स्पॅनिशमध्ये नव्हतं.

बुधवार, सान्तियागो

निघायच्या आदल्या संध्याकाळी ला पिन्ताना या दक्षिणेकडच्या उपनगरात एक वर्ग पाहायला गेले. पत्ता नातीने दिला होता. समाजमंदिरासारखी खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, गॅसचा हीटर. शिकायला आलेल्यांत एक परिचारिका, एक बसचालक, कॉलेजची पोरं. बहुतेकांचे आजी-आजोबा दक्षिणेहून घरकामाला किंवा बेकरीत कामाला इथे आलेले. त्या दिवशी मोबाइलला काय म्हणायचं यावर वाद रंगला. दोघांनी बनवलेले शब्द सुचवले, बसचालक म्हणाला माझी आई ‘सेलुलार’च म्हणते आणि तिच्याएवढी मापुदुङुन तुमच्यात कोणाला येते? शिकवणारा मुलगा हसून गप्प बसला.

त्याच्या मांडीवर त्याची दोन वर्षांची मुलगी होती. तो तिच्याशी मापुदुङुनखेरीज काही बोलत नाही. बायको स्पॅनिश बोलते, पाळणाघर स्पॅनिश, कार्टून स्पॅनिश. कार्टून लावलं की आवाज बंद करून तो स्वतः सगळी पात्रं बोलतो. डुकरीण, कुत्रा, त्या कुत्र्याची आजी, सगळे. घसा बसतो म्हणाला. पोरगी बापाला उत्तर बहुतेक वेळा आईच्या भाषेत देते. तास संपल्यावर त्याने तिला बिस्किटाचा पुडा रिकामा करून दाखवला आणि विचारलं, अजून आहे का?

“ङेलाय!” ती म्हणाली. नाही. आणि दुसऱ्या पुड्यासाठी स्पॅनिशमध्ये भोकाड पसरलं.